काकांनी मोजलेला हात

“मत घ्या की. एकट्यानं कशाला ठरवता?” अमेरिकेतल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण बाहेरून मागवायचं की घरून आणायचं, एवढी चर्चा निघाली तरी काका बोट वर करून हेच म्हणायचे. असे एक काका तुमच्याही मंडळात असतील.

औषध कंपनीच्या नोकरीत त्यांची वीस वर्षं स्वित्झर्लंडमध्ये गेली. तिथे वर्षातून तीन-चारदा देशभर मतदान होतं. पेन्शन, रस्ते, सगळं लोकांना विचारून. रजा वाढवून हवी का, असं विचारलं तर लोक चक्क नको म्हणाले, हे सांगताना काकांचा चेहरा खुलायचा. आम्ही एकमेकांना डोळे मिचकावायचो.

खरं तर नागरिक नसल्यानं काकांना तिथे मत नव्हतंच. शेजारी आपली मतदानाची पुस्तिका वाचून झाली की त्यांना द्यायचा, आणि काका ती परीक्षा असल्यासारखी वाचायचे. परदेशी लोकांना आवर घालायच्या प्रस्तावावर त्याच शेजाऱ्यानं ‘हो’ लिहिलं, आणि कॉफी पिताना तसं सांगितलंही. “तोंडावर सांगितलं, हे महत्त्वाचं,” काका म्हणायचे. मला तो निव्वळ भाबडेपणा वाटायचा. इथे आल्यावर ग्रीन कार्डाची रांग, म्हणजे इथेही मत नाही. मत होतं ते फक्त आमच्या मंडळात.

दर शनिवारी काका हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत. कमिटीला ती वेळ मुलांच्या डान्स प्रॅक्टिसला हवी होती, आणि माझी मुलगीही त्या डान्समध्ये होती. अध्यक्ष परस्पर वर्ग बंद करणार होते, तर काकांनीच अडवलं आणि सगळ्यांचं मत घ्यायला लावलं. चिठ्ठ्या कोण छापणार, म्हणून हात वर करायचं ठरलं. आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर म्हणालो होतो, “काका, मी तुमच्याच बाजूनं.”

मोजायचं कामही कमिटीनं काकांच्याच गळ्यात घातलं. डान्ससाठी हात वर झाले. माझ्या बायकोचा झाला, मुलीच्या मैत्रिणींच्या आईबापांचे झाले, आणि माझाही झाला. काका मोजत मोजत माझ्यापाशी आले, जरा थांबले. “सतरा,” म्हणाले आणि पुढे गेले.

मुलीनं दोन महिन्यांत डान्स सोडला. काका तोवर अ‍ॅशबर्नला मुलाकडे राहायला गेले होते. लाज गिळून मी फोन केला, त्या दिवसाचं काहीतरी सांगू लागलो.

“लोकांनी ठरवलं, त्याचं काही नाही,” काका म्हणाले. “पण तो शेजारी मला सांगून गेला होता रे.”