सुश्रुतचं 'चालेल'

लग्नात फेटा कुठल्या रंगाचा हवा, असं सुश्रुतला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चालेल." कुठला चालेल, ते त्याच्या बायकोला, अक्षयाला, आजवर कळलेलं नाही. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यात डोळ्यांना न दिसणारा धुळीचा कण हुडकून काढणारा हा इंजिनियर, पण स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की विंगेतच उभा. किती हाका मारा, रंगमंचावर येणार नाही. आयर्लंडात तर काहीही विचारलं तरी लोक 'ग्रँड' म्हणतात, म्हणजे त्याच्या 'चालेल'ला सख्खा भाऊच भेटला.

पुणं सोडायचं ठरलं तेव्हाही तो 'चालेल' म्हणाला होता, आणि आयर्लंडातला पहिला हिवाळाभर ताटात मान घालून गप्प बसला होता. भांडला असता तर परवडलं असतं. त्या गप्प बसण्याची भीती अक्षयाच्या मनातून अजून गेली नव्हती.

आता, २०१७ च्या ऑक्टोबरात, तिला डंडॉकमध्ये नोकरी मिळत होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. हो म्हटलं तर घर डंडॉकला हलवायचं आणि सुश्रुतने रोज लिक्सलिपपर्यंत जवळजवळ शंभर किलोमीटर गाडी हाणायची. "चालेल," तो म्हणाला होता. म्हणून शनिवार-रविवार दोघं गाव बघायला आली होती. गाव छान होतं. तो 'चालेल' खरा किती, हे मात्र तिला कळत नव्हतं.

बाजारात एक जपानी बाई मोठ्या लोखंडी तव्यावर ओकोनोमियाकी करत होती. ती हिरोशिमाची. तिच्या गावच्या पद्धतीने पातळ धिरडं पसरायचं, त्यावर कोबीचा ढीग, मग नूडल्स, शेवटी अंडं. सगळे थर वेगवेगळे.

"आत काय घालू? तुम्हाला काय आवडतं?" तिने विचारलं.

"काहीही चालेल," सुश्रुत म्हणाला.

"ते मी करत नाही." बाई उलथनं घेऊन थांबली. "ओकोनोमी म्हणजे तुमच्या आवडीचं. आवड तुमची, भाजणं माझं."

मागे रांग लागली होती. "सावकाश होऊ दे, गड्या," एक म्हातारा म्हणाला, म्हणजे लवकर आटप. सुश्रुतचे कान लाल झाले.

"सुका मासा नको," तो पुटपुटला. मग जरा मोठ्याने, "नूडल्स जाड."

अक्षया चकित झाली. "तुला जाड आवडतात? घरी मी कायम बारीक आणते."

"कधी विचारलं नाहीस."

"विचारलं होतं. तू चालेल म्हणालास."

बाईने दोन उलथनी खाली सरकवून अख्खा डोलारा उचलला. आता सगळं विखरणार, असं वाटून अक्षयाने श्वास रोखला. डोलारा उलटा होऊन चर्रकन तव्यावर बसला. त्या आवाजातच तिने विचारून टाकलं, "आणि डंडॉक?"

"चा..." सुश्रुत अडखळला. "नको. रोज एवढी गाडी नाही चालवायची मला. हिवाळ्यात तर अजिबात नाही."

हवं होतं ते खरं उत्तर मिळालं, आणि नेमकं तेच तिला नको होतं. कागदी ताटली घेऊन दोघं बाकावर बसली. वाफेने तिचा चष्मा धुरकटला होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच झालं.

"मी सोमवारी हो कळवणार आहे," ती म्हणाली.

"कळव. नोकरी सोड असं म्हटलं का मी? घर इथे नको, एवढंच."

"मग कुठे?"

"ते भांडून ठरवू."

तिने हातातला काटा खाली ठेवला, चष्मा पुसला आणि फोनवर नकाशा उघडला. वाटेत ड्रॉहेडा नावाचं गाव होतं. तिथून दोघांनाही लांबच पडणार होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. "हे?"

सुश्रुत घास चावता चावता वाकून बघू लागला. "बघू. पण हायवेच्या कडेला नको," तो म्हणाला. "आणि तळमजला नको. आणि तिथल्या तुझ्या त्या मैत्रिणीच्या, रेवाच्या शेजारी तर मुळीच नको."