डिट्टोच्या दोन रेघा

"मावशी, उपमा खाल्ला नाहीत ना?" तीन नंबरच्या बेडवरची चादर ओढत मी ओरडलो. चादरीतून पांढऱ्या मिशा बाहेर आल्या.

"मावशी कोणाला म्हणतोस रे?"

घाईत मी एक मजला आधीच, पुरुषांच्या वॉर्डात घुसलो होतो.

परळच्या एका हॉस्पिटलात मी किचन सुपरवायझर आहे. कुठल्या पेशंटला काय खायला द्यायचं ते सिस्टर रोज हाताने लिहून पाठवतात. त्याला डाएट शीट म्हणतात. मी ती कॉम्प्युटरवर टाइप करतो, तिच्यावरून ट्रॉली भरते. त्या दिवशी सिस्टरनी ऑपरेशनचे पेशंट आधी लिहिले होते. बेड बारा: एनबीएम. म्हणजे निल बाय माउथ, तोंडाने काही नाही, पाणीसुद्धा. भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो. त्याखाली बेड तीन, आणि पुढे डिट्टोच्या दोन रेघा. वरच्यासारखंच. आहेराच्या यादीतसुद्धा आपण त्या बिनधास्त मारतो.

मी त्या रेघा इमानाने टाइप केल्या. मग मला टापटिपीचा झटका आला. बेड नंबरप्रमाणे सगळं सॉर्ट केलं. तीन नंबर उठून दोन नंबरच्या खाली जाऊन बसला. दोनला होता उपमा.

ट्रॉली वर गेल्यावर आमच्या डाएटिशियन मॅडम शीट घेऊन आल्या.

"तीन नंबरचं आज ऑपरेशन आहे. तिला उपमा कोणी लावला?"

"डिट्टो आहे, मॅडम."

"कशाचं डिट्टो?"

मी वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ते तिथेच गार पडलं.

"बघताय काय? पळा!"

मिशांची माफी मागून बायकांच्या वॉर्डात पोचलो. तीन नंबरवर लालबागच्या एक मालवणी बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लेट. चाटूनपुसून रिकामी. 

"खाल्लंत?"

"मी खंय खातंय? भियानं घास उतरना नाय. ह्येंका दिलंय."

स्टुलावर त्यांचे यजमान तोंड पुसत होते. "हास्पिटलातून इलो, तो फुकट कित्याक घालवूचो? मीठ मातर कमी हा."

माझ्या उपम्याला कोणी नाव ठेवलं आणि मला बरं वाटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

सिस्टरनी दोघांनाही पुन्हा खोदून विचारलं, डॉक्टरांना कळवलं. ऑपरेशन झालं, नीट झालं. मला मेमो मिळाला. तेव्हापासून आमच्याकडे डिट्टोला बंदी आहे. वॉर्डभर पेशंट उपाशी असले तरी प्रत्येकापुढे एनबीएम लिहायचं. हात दुखले तर दुखू देत. त्या दोन रेघांना स्वतःचं काही म्हणणं नसतं, वर जो बसेल त्याची त्या री ओढतात.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मेमोचं जरा रंगवूनच सांगितलं. ती गवार मोडत ऐकत होती.

"अहो, मेमोचं राहू द्या," ती म्हणाली. "त्या बाईंना शेवटी खायला कधी दिलंत?"