दोन जाड मोजे

माझ्या आत्याकडे बुटाचं माप द्यायला पातळ मोजे घालून गेलात, की ती सरळ परत पाठवायची. "जाड मोजे, एकावर एक दोन. घरी जा, घालून या." गिऱ्हाईक कितीही घाईत असो! मी तिच्या हाताखाली काम शिकत होते, त्यामुळे लोकांचे टोमणे माझ्या वाट्याला. चामडं कापायला, शिवायला ती मला द्यायची, माप मात्र कधीच घेऊ दिलं नाही. मला भारी राग यायचा.

मग एकदा आईने सगळं सांगितलं, आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

आत्या विशीत होती तेव्हा दुकान आजोबांचं होतं. डोंगर चढणाऱ्यांचे बूट शिवावेत तर आजोबांनीच. पण बायकांचे ते शिवत नसत. "बायका शिखरावर जातात कुठे?" म्हणायचे. ज्या दोघीचौघी जायच्या त्या पुरुषांचे बूट घेऊन पुढे चिंध्या कोंबायच्या. अशात दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या. गावामागच्या बर्फाच्या शिखरावर त्या आणि त्यांची मैत्रीण, दोघीच जाणार होत्या. तिथे तोवर एकही बाई पोचली नव्हती. आजोबांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

आत्या मागच्या दाराने धावत गेली. "उद्या दुपारी या दोघी. बाबा झोपतात तेव्हा."

एक कान आजोबांच्या घोरण्याकडे ठेवून तिने मापं घेतली. मापाबरहुकूम लाकडाचे फर्मे तासले, म्हणजे ज्यावर चढवून बूट शिवतात ते लाकडी पाय. महिनाभर माळ्यावर बसून तिने दोन जोड शिवले, आणि ते घालून दोघी शिखरावर पोचल्या. वर्तमानपत्रात फोटो छापून आला. आजोबांनी त्याला भिंग लावलं, बराच वेळ बूट न्याहाळले आणि एवढंच म्हणाले, "टाके बरे घालतेस." आत्या दिवसभर हवेत होती.

पण नर्सबाई उतरल्या त्या लंगडत. उजव्या पायाची दोन बोटं बर्फाने गेली होती. ऐकताच आत्याला मापाची ती दुपार आठवली. मैत्रीण माप द्यायला जाड मोजे घालून आली होती. नर्सबाई मात्र ड्यूटीवरून तशाच पातळ मोज्यांवर आल्या होत्या, आणि घाईघाईत आत्याने तेच माप धरलं. वर जाड मोज्यांनी बूट आवळला असणार, रक्त अडलं असणार. पुढे नर्सबाईंची बदली झाली. आत्याने माफीचं पत्र कितीदा लिहायला घेतलं आणि कितीदा फाडलं, तिचं तिलाच ठाऊक. त्यांचे फर्मे मात्र तिने वरच्या फळीवर जपून ठेवले.

चाळीस वर्षांनी एका सकाळी, मी चामडं कापत असताना, काठी टेकत एक आजी दुकानात आल्या.

"माझे फर्मे आहेत का गं अजून?"

आत्याच्या हातातली आरी खाली पडली. "बाई, तुमची बोटं माझ्यामुळे गेली," ती म्हणाली. "मी माप चुकले."

"माहीत आहे मला. नर्स आहे मी. चढताना दुसऱ्याच दिवशी कळलं, बूट तंग आहे. परत फिरता आलं असतं. मीच फिरले नाही."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझ्याकडे पुन्हा कुणी पाय ठेवला असता का? 'बाईने शिवलेले बूट' म्हणून गावभर झालं असतं. मोजे भिजले होते, असं सांगून टाकलं." त्या खुर्चीवर टेकल्या. "आता नातीला डोंगर दाखवायचाय. शिखर नाही गं बाई, खालच्या तंबूपर्यंत. आठ बोटांचा जोड शिवून दे."

चाळीस वर्षं या दोघी हे मनात ठेवून गप्प! मला तर रडूच कोसळलं.

आत्या फर्मे काढून त्यांच्या पायाशी बसली. तेवढ्यात नर्सबाईंनी पिशवी उघडली. आत लोकरीच्या जाड मोज्यांचे दोन जोड होते.

"या वेळी आठवणीने आणलेत," त्या म्हणाल्या.

आत्याने मोजे त्यांच्या पायात चढवले, एकावर एक. मी टेप पुढे केली, पण तिच्या डोळ्यांना धड काही दिसत नव्हतं. "तू घे," ती मला म्हणाली. मग माप मी घेतलं, आणि आत्या तो पाय दोन्ही हातांत धरून बसली.