त्याच्या नंबराची बाटली

आमच्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी सगळ्यांची लघवी तपासायचे. सेल हाउसमध्ये मिठाच्या पाण्यातून वीज सोडायचे आणि तळाशी पारा वाहता असायचा. तो कुणाच्या अंगात किती गेला, ते लघवीतून कळायचं. आकडा वाढला की माणूस मिठाच्या यार्डात, आकडा उतरेपर्यंत. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर पोती ओढायची. पण माणसं उन्हापेक्षा टोमण्यांना जास्त भ्यायची. यार्डातल्याला कॅन्टीनमध्ये हमखास विचारायचे, "काय गा, मुरला का नाई अजून?"

माझा मित्र सेल हाउसमधला सगळ्यात जाणकार माणूस. महाल भागातून आम्ही एकाच बसने जायचो. मी खाऱ्या पाण्याच्या टाक्यांवर होतो, तिकडे पाऱ्याचा संबंध नव्हता. एकदा संडासापाशी त्याने आपल्या नंबराची बाटली माझ्या हातात दिली.

"भरून दे न गा. मले मिठात काहून घालून राहिले हे लोक?"

मी भरून दिली. मग दर वेळी तेच. "तुयी लघवी म्हंजे गंगाजल हाय," तो म्हणायचा आणि आम्ही दोघंही हसायचो. चांगली काही वर्षं हसलो.

पुढे कारखान्याने पारा बंद करून मेम्ब्रेनचं, म्हणजे पातळ पडद्याचं तंत्र आणलं. पारा लोखंडी बाटल्यांत भरून, सील करून नेला. नव्या सेल हाउसची फरशी अशी लख्ख की बूट घालून जायला लाज वाटायची. मला तिथे घेतलं. त्याला नाही, कारण तोवर त्याचा उजवा हात थरथरू लागला होता. तो घरीच बसला. वर्षभराने नोटीस लागली: जुन्या रजिस्टरात ज्यांचा आकडा वाढलेला सापडेल, त्यांचा पुढचा सगळा इलाज कारखाना करणार.

त्याची बायको माझ्याकडे आली. "भाऊजी, यादीत ह्यायचं नावच नाई. तुमी साहेबाले सांगा न."

मी त्याला घेऊन गेलो. साहेबांनी रजिस्टर उघडलं. त्याच्या नंबरापुढे ओळीने चांगले आकडे होते. ते सगळे माझे होते.

मी सांगून टाकलं. शरमेने मेलो असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. आत सगळं बधिर होतं. दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसा बोलत गेलो. तो शेजारी उजवा हात डाव्या हाताने दाबून बसला होता. साहेब रागावलेसुद्धा नाहीत. "आता पुन्हा तपासू. आकडा आला तर नाव घालतो," म्हणाले.

त्या दिवशी लघवी त्याची होती. मी नुसती बाटली धरली.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, पाऱ्यापासून दूर राहून इतके दिवस झाल्यावर लघवीत तो सापडत नाही; हात मात्र आता असाच राहणार. यादीचा विषय तिथेच संपला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती.

"काय आलं, भाऊजी?"

"नॉर्मल."

तिचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे हात बरा होईन ह्यायचा?"

तो माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणालो.