कवठाची उडी

थोरली मुलगी पंधरा दिवसांसाठी माहेरी आली होती. तिला दिवस गेले होते आणि डोहाळे लागले होते पिकलेल्या कवठाचे. मी दोनदा बाजारात जाऊन कवठं आणली. जड असेल ते पिकलेलं, असा माझा हिशेब. दोन्ही वेळा आत पांढरा, तुरट गर निघाला. आता दुसऱ्या दिवशी जावई तिला न्यायला येणार होते. म्हणून सकाळीच दमणी (हलकी बैलगाडी) ठरवून पवनारच्या पुढच्या एका गावच्या बाजाराला निघालो.

वाटेत एक नाला लागला. उतारावर बैलांनी ओढणं सोडलं, तरी गाडी धावतच होती.

"घट्ट बसा, मालक," गाडीवान झिंगरू म्हणाला. "आता बैल नाई, उतारच गाडी ओढून राह्यला."

तोच वेग पलीकडच्या चढावर निम्म्यापर्यंत पुरला. मग बैलांनी माना खाली घातल्या.

बाजारात निंबाखाली एक गोंड बाई सहा कवठं घेऊन बसली होती. मी पिशवीतून तराजू काढला.

"काऊन (कशाला) तोलता, भाऊ? सोनं होय का?"

तिनं एक कवठ हातभर उंचीवरून दगडावर सोडलं. ते टणकन चार बोटं वर उडालं. "हे कच्चं." दुसरं थप्प पडलं आणि तिथंच बसलं. "हे पिकलं."

पडण्याचा जोर नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो, एवढं शाळेतलं मला आठवत होतं. "मग याची उडी गेली कुठं?"

"कुठी जाईन? आतच हाय. कच्च्याचा गर टणक, तो झटका परत देते. पिकलेला ढिला, तो उडी खाऊन बसते."

सहांत पिकलेली दोनच निघाली. पण एका पडण्यावर भरवसा ठेवणं माझ्या स्वभावात नाही. पिशवीत फूटपट्टीही होती. त्या दोनांतलं एक मी एका फुटावरून सोडलं, मग दोन, मग तीन. चौथ्यांदा छातीच्या उंचीवरून सोडलं आणि तपकिरी गर माझ्या वहाणांवर आला.

"आता पक्कं समजलं नं, मास्तर?" तिनं अर्धं कवठ माझ्या हातात दिलं. "खाऊन घ्या. पैसे तं द्यावेच लागन."

खाल्लं. आंबटगोड होतं. मुलीसाठी एकच उरलं.

परतताना ते मी मांडीवर धरून बसलो होतो. त्याच नाल्याच्या उतारावर चाकाखाली धोंडा आला, मी उडालो, कवठही उडालं. मी परत गाडीत पडलो, ते खाली वाटेवर. थप्प.

झिंगरूनं उतरून उचललं. केसासारखी एक चीर गेली होती. "उडलं नाई, मालक. पिकलंच होय."

रुमालानं आवळून बांधून मी ते घरी आणलं. मुलगी गूळ घालून खायला बसली, आणि कवच बोटानं पुसून काढेपर्यंत उठली नाही. दिवसभराचे सगळे धक्के तिथं जिरले, असं मला वाटलं.

मग मी बायकोला उडीचं शास्त्र समजावू लागलो.

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझी आई उंबऱ्यावर टाकून बघायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तुम्ही तराजू पुसत होता."