चपलांची ड्यूटी

पंचवीसएक वर्षं मी कुठल्याच देवळाचा उंबरा ओलांडला नव्हता. बायकोला पायऱ्यांपर्यंत सोडायचो आणि बाहेर तिच्या चपला राखत बसायचो. ‘आमचे सुभेदारसाहेब चपलांच्या ड्यूटीवर आहेत,’ असं ती ओळखीच्या बायकांना सांगायची आणि पदराआड हसायची. मला राग येत नसे. ड्यूटी ती ड्यूटी.

कारण फक्त तिला ठाऊक होतं. लढाईत डोंगर चढायच्या आदल्या दिवशी माझ्या जोडीदारानं कपाळाला देवीचा अंगारा लावला, पुडी माझ्यापुढेही धरली. मी म्हटलं, परत आलो की लावू. तो परत आलाच नाही. मी आलो, डाव्या गुडघ्यात लोखंडाचा तुकडा घेऊन. ज्यानं तिचा अंगारा लावला त्याला तिनं नेलं आणि ज्यानं लावला नाही त्याला ठेवलं, हा कुठला न्याय? तेव्हापासून देवीशी मी बोलणंच टाकलं. बायकोनं कधी वाद घातला नाही. म्हणाली, “बसा तुम्ही बाहेर. तुमच्या वाटचं मी बोलते.”

फौजेतून सुटल्यावर बेंगळुराजवळ देवनहळ्ळीत घर बांधलं, मुलगी तिथूनच जवळ होसकोट्याला दिली, संसार सुरळीत चालला होता. ही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात रुजलेल्या मराठी घरातली. कन्नड तिची माझ्यापेक्षा दसपट चांगली. भाजीवालीशी ‘स्वल्प कम्मी माडी’, थोडं कमी करा, म्हणत अर्धा तास घालवायची. दोन वर्षांपूर्वी ती विसरायला लागली. आधी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, मग ती कन्नडच गेली. समोरचं माणूस काही विचारायला लागलं की नुसती हसते. घरातली मराठी तेवढी उरली. मुलगी रोज फोनवर बजावायची, “अप्पा, आईला एकटं सोडू नका.” मी म्हणायचो, अगं, मी सीमा राखली, तुझ्या आईला राखायला मला शिकवतेस?

नवरात्राच्या आधी देवीच्या ओटीसाठी साडी आणि खण आणायला आम्ही दरवर्षी बेंगळुरात चिकपेटच्या बाजारात जातो. बाकी सगळं विसरली तरी हे ती विसरली नव्हती. गेल्या वर्षी खरेदी झाली आणि ती नेहमीच्या गल्लीतल्या देवीच्या देवळात गेली. मी बाहेर पायरीवर बसलो, चपला समोर. दहा मिनिटं झाली, वीस झाली. गर्दी असेल म्हटलं. अर्धा तास झाला तरी मी हललो नाही. पहाऱ्यावरच्या माणसानं जागा सोडायची नाही, ही हाडात मुरलेली खोड. शेवटी दारातूनच पुजाऱ्यांना हाक मारली. ते म्हणाले, त्या तर मघाशीच मागच्या दारानं गेल्या.

त्या देवळाला मागं दार आहे हे पायरीवरच्या फुलवालीलाही ठाऊक होतं. इतकी वर्षं बाहेर बसलेल्या मला नव्हतं. आणि माझा अडेलतट्टूपणा बघा, तेव्हाही मी आतून गेलो नाही. दुखऱ्या गुडघ्यानं अख्ख्या गल्लीला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. तिथं ती नव्हती.

पुढचे अडीच तास मी तिच्या चपला हातात धरून फिरलो. साड्यांची दुकानं, भांड्यांची गल्ली, मेट्रोचं स्टेशन. चौकीवर जाऊन फोटो दाखवला. मुलीला कळवलं, ती होसकोट्याहून निघाली. बायकोचा मोबाइल माझ्याच पिशवीत होता. ऊन चढलेलं, रस्ता तापलेला, आणि ती अनवाणी. त्याहून मोठी भीती मला दुसरीच होती. माणसं शेकडो असतील, कुणी ना कुणी विचारेलही, पण ही बोलणार मराठीत. ऐकून कळणार कुणाला?

फिरून फिरून पुन्हा त्याच पायरीशी आलो. शोधायला जागाच उरली नव्हती. तिच्या चपला पायरीखाली ठेवल्या, शेजारी माझे बूट काढले आणि आत गेलो. मागायची सवय मोडलेली, काय बोलावं सुचेना. एवढंच म्हणालो, “माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ.” हे वाक्य आयुष्यात कधी कुणापुढे म्हटलं नव्हतं. मग खांबाला टेकून खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो.

किती वेळ गेला ते सांगता यायचं नाही. पाठीमागून आवाज आला, “अहो, आज तुम्ही आत कसे?”

ती दारात उभी होती. पायाला धूळ, हातात खण तसाच. शेजारी एक हमाल, कापडाचं गाठोडं खाली ठेवून घाम पुसत होता. तो मराठीतच बोलला. “काका, मी बिदरकडचा. आई कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आमचे हे देवळाबाहेर चपला राखत बसलेत, वाट बघतील. इथल्या लोकांना कळंना. मला कळलं.” मग त्यानं ओझ्यासकट तिला एकामागून एक देवळांवरून फिरवलं, चपला राखणारा माणूस शोधत. हे चौथं देऊळ. “इथंबी बाहेर कुणी नव्हतं. मी तर पुढं निघालो होतो. आईच थांबल्या. म्हणाल्या, ह्या माझ्या चपला.”

मी आणखी थोडा वेळ त्या चपला हातात घेऊन फिरत राहिलो असतो, तर ती दोघं त्या दारावरून पुढे गेली असती. यावर मी फार विचार करत नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. हमालानं प्रसादाचं खोबरं घेतलं, गाठोडं डोक्यावर चढवलं, आणि मी नाव विचारेपर्यंत गर्दीत शिरला. त्याला मी रोज मनातल्या मनात हात जोडतो. पुजाऱ्यांनी अंगाऱ्याचं ताट पुढे केलं. परत आलो की लावू, म्हटलं होतं. त्या दिवशी लावला, थोडा जोडीदाराच्या नावानंही. मुलगी पोचली ती माझ्यावर ओरडायच्या तयारीनं, पण माझं कपाळ बघितलं आणि ओरडायचं विसरून आईच्या पायात चपला घालायला बसली.

आता आम्ही दोघं आत जातो. चपला आणि बूट बाहेर बिनपहाऱ्याचे पडलेले असतात. गेले तर गेले. आयुष्यभर मी पहारा दिला, पण सगळं आपल्याच पहाऱ्यावर चालत नाही हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. ही आता आणखी विसरली आहे. देवीपुढे ओटी ठेवते, हात जोडते आणि मग गोंधळून माझ्याकडे बघते. पुढचं काही आठवत नाही.

मी तिला म्हणतो, “राहू दे. तुझ्या वाटचं मी बोलतो.”