देवघरातली बाळंतीण

आमच्या शेजारणीला अख्खी आळी सिस्टर म्हणते. तिची सगळी नोकरी दवाखान्यात नर्स म्हणून गेली, त्यामुळे तिला दुसरं काही नाव असेल हे लोक विसरूनच गेले आहेत. ती ख्रिस्ती, माहेर सावंतवाडीकडचं. नवरा बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक होता, तीन वर्षांपूर्वी गेला. मी मूळचा बुरोंडीचा, लग्नानंतर रत्नागिरीत घर केलं, पण जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये घाम गाळला आणि निवृत्तीनंतरच इथे स्थिरावलो. दोन्ही घरांच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा आहे. आमच्या बायकोनं तो गडगा कधी मानला नाही. तिच्या दोन्ही बाळंतपणांना सिस्टर हजर होती आणि मी दोन्ही वेळा समुद्रावर होतो, हे मला अजून महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

आमच्याकडे नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, नवं बांधतात. भाताच्या नव्या लोंब्या, आंब्याची पानं, झेंडूचं फूल असं एकत्र बांधायचं आणि दाराला, तुळशीला, रहाटाला, गाडीला, म्हणजे जे जे पोटापाण्याच्या उपयोगी पडतं त्या सगळ्याला एकेक लावायचं. बायको एक जादा करते आणि सिस्टरच्या दारालाही बांधून येते. सिस्टरचा नवरा ते डिसेंबरपर्यंत सांभाळायचा. मग नाताळाला गोठा उभा करताना त्याच लोंब्या सोडवून बाळ येशूच्या गव्हाणीत पसरायचा. गोठा तो जांभ्याच्या खड्यांचा करायचा, वर खरं गवत. बघायला आम्ही सगळे जायचो. आमच्या पुनवेचं भात त्यांच्या देवाच्या पाठीखाली जातं, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नवरा गेल्यावर सिस्टर एकटीच गोठा मांडायची, खडे थोडे कमी लागायचे इतकंच.

गेल्या वर्षी पुनवेनंतर तिचा मुलगा मुंबईहून दोन दिवसांसाठी आला. पोरगा गुणी, पण मधली काही वर्षं दारूत गेली होती. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली होती. मग कुठल्याशा नव्या प्रार्थनामंडळातल्या लोकांनी त्याला धरलं, रोज घरी येऊन बसले आणि त्यातून बाहेर काढलं. बायको परत आली, नोकरी लागली. म्हणून त्या लोकांबद्दल मी वेडंवाकडं बोलणार नाही, तसं बोलायचा मला अधिकार नाही. पण त्या सकाळी तो आईच्या दाराचं नवं सोडवून, नीट धरून गडग्याशी आला तेव्हा माझं टाळकं सणकलं.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला. "हे तुमच्या श्रद्धेचं आहे, तुमच्याकडे असू दे. आईच्या दाराला नको."

"तुझा बाप तुझ्या देवाखाली घालायचा ते," मी म्हटलं.

"तेच चुकत होतं," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ, त्यामुळे मला भांडताही येईना. मग तो सांगत बसला. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. त्या सुमाराला रोमन लोक सूर्याचा सण करायचे, तोच चर्चनं उचलला. नाताळचं झाड उत्तरेकडच्या जुन्या लोकांचं. मांडीवर बाळ घेतलेली आई मिसर देशाच्या देवीवरून आलेली. यातलं येशूनं काहीच सांगितलेलं नाही. देवानं मला गाळातून काढलं, आता मला त्याचं निर्भेळ हवं, असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

मला वाटलं, या बाबतीत माझ्याइतका जाणता माणूस या आळीत दुसरा नाही. सिसिलीच्या एका बंदरात आमचं जहाज दुरुस्तीला अडकलं होतं, तेव्हा मी तिथलं मोठं चर्च बघितलं होतं. मूळचं ते ग्रीक देवीचं देऊळ. जाडजूड खांब तसेच ठेवून मधल्या जागा भिंत घालून बुजवलेल्या, आणि भिंतीतून खांबांची पोटं बाहेर आलेली. आतला म्हातारा राखणदार दोन्ही गोष्टी सारख्याच अभिमानानं दाखवत होता. दुसऱ्या एका बंदरात खलाशांच्या क्लबातल्या पाद्र्यानं मला सांगितलं होतं की तारखेबद्दल विद्वानांचं एकमत नाही. काही म्हणतात सूर्याच्या सणावर बसवली. काही म्हणतात, देवदूतानं मरियेला निरोप दिला तो मार्चातला दिवस धरून पुढे नऊ महिने मोजले. हे सगळं मी पोराला सांगितलं. शिवाय आमच्या गावच्या देवीचंही सांगितलं. ती आधी वडाखालचा नुसता दगड होती. मग तिला चांदीचं रूप आलं, मग कुणी तरी पोथीतलं नाव लावलं, आता शिमग्याला पालखीत बसते. खलाशी हिंदू असला तरी जहाजावर जाण्याआधी बंदरावरच्या पिराला नारळ देतो. अरे, सगळंच उसनं आहे, तुमचंही आणि आमचंही, मग तू एकटा कशाला जिवाला लावून घेतोस, असं म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्हालाही मान्य आहे," तो म्हणाला.

सिस्टर मागे पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. पोरगा आत गेल्यावर ती म्हणाली, "भाऊजी, तुम्हांला कोर्टात माझी बाजू मांडायला पाठवलं असतं तर मी फाशीच गेले असते."

मला वाटत होतं मी त्याला धीर दिला. पण मला जे ऐकून बरं वाटतं, की माणसांचे देव एकमेकांच्या घरी जेवूनखाऊन मोठे झाले, तेच ऐकून तो धास्तावत होता. घसरून घसरून जो वर आला आहे त्याला पायाखाली एकच दगड हवा असतो, आणि मी त्याला सांगत होतो की हा दगड चार ठिकाणांहून आणलाय. हे मला त्या वेळी कळलं नाही. पुढे बरेच दिवस मी माझ्या शहाणपणावर खूश होतो.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. नाताळच्या सुटीत बायको-मुलीला घेऊन येतो, पण घरात गोठा नको, चांदणी नको, झाड नको. आम्ही तो दिवस पाळत नाही, मुलीच्या मनावर चुकीचं बिंबायला नको. गोठा असेल तर आम्ही दुसऱ्या कधीतरी येऊ. नात चार वर्षांची. दारूच्या दिवसांत ती दोन वर्षं सिस्टरला दिसलीच नव्हती. दुसऱ्या कधीतरी म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"मी काय तोंडानं बोलू?" ती आमच्या बायकोला म्हणाली. "माझ्या मेणबत्त्यांनी तो सुधारला नाही. त्या लोकांनी सुधारला."

डिसेंबर लागल्यावर ती जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन गडग्यापाशी आली. आत जुन्या धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेली गोठ्यातली मातीची चित्रं होती. मरिया, जोसेफ, बाळ, एक गाय, एक गाढव, तीन मेंढ्या. "तुमच्या माळ्यावर ठेवा," ती म्हणाली. "माझ्या घरात राहिली तर माझा हात जाईल."

मी डबा घेऊन शिडी लावली. बायकोनं खालून विचारलं, "त्यात काय काय हाय?" मी सांगितलं. तिनं शिडी धरली आणि मला खाली उतरायला लावलं.

"ओली बाळंतीण आणि दिवसाचं पोर माळ्यावर? उंदरांत? तुम्हांला कधी कळलंय बाळंतीण म्हणजे काय?"

तिनं मरिया आणि बाळ काढून घेतलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि देवघरात अन्नपूर्णेच्या शेजारी ठेवलं. जोसेफचं काय करायचं, मी विचारलं. "बापयांना माळा चालतो," ती म्हणाली. म्हणून जोसेफ गुराढोरांसकट वर गेला.

आता देवघरात ठेवलं म्हणजे ते राहिलं असं आमच्याकडे होत नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर मरियेला हळदकुंकू लागलं होतं. बाळापुढे फूल होतं. आणि दोघांच्या समोर वाटीत डिंकाचा लाडू.

"हे काय?"

"बाळंतिणीला दुसरा काय देणार? सिस्टरनं विश्वासानं दिलान, उपाशी ठेवू?"

मी कपाळावर हात मारला. ज्या गोष्टीचं त्या पोरानं भय घेतलं होतं, की त्याचा देव अशाच बायकांच्या हाती सापडून बदलत गेला, तीच गोष्ट माझ्या घरात माझ्या डोळ्यांदेखत घडत होती. पुस्तकात मी ती वाचली असती तर तिला मोठं नाव असतं. इथे तिचं कारण एवढंच की एका बाईला दुसऱ्या बाईची बाळंतीण उपाशी ठेववेना. रोममध्ये आणि सिसिलीतही असंच झालं असेल की काय, असं मला पहिल्यांदाच वाटलं. राजांनी आणि पाद्र्यांनी हुकूम काढले असतील, पण त्याआधी कुठल्या तरी शेजारणीनं तिच्या घरात होतं ते नव्या पाहुणीपुढे ठेवलं असेल.

पोरगा तेवीस तारखेला आला. सिस्टरचं घर त्या वर्षी उघडंबोडकं होतं. करंज्याही तिनं केल्या नाहीत, कुणास ठाऊक कशात काय उसनं निघेल म्हणून. चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्सेला ती गेली नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे पहिल्यांदाच.

पंचविसाला सकाळी नात गडग्याच्या फटीतून आमच्याकडे आली. बायको पूजा करत होती. पोर देवघरासमोर बसली ती उठेचना. "हे बाळ माझं आहे का?" विचारत होती. थोड्या वेळानं तिचा बाप तिला शोधत आला आणि उंबऱ्यातच थांबला.

त्यानं सगळं बघितलं. कुंकू, फूल, लाडू. मी मनात म्हटलं, आता झालं, आता हा पोरीला उचलून सरळ मुंबईची वाट धरणार. मी भांडायच्या तयारीत पुढे झालो.

पण तो म्हणाला, "हे आईनं तुमच्याकडे आणून दिलं?"

"माळ्यावर टाकायला," मी म्हटलं. "म्हणे घरात असलं तर हात जाईल."

त्यानं मुलीकडे बघितलं. मग म्हणाला, "काल ती मिस्सेला गेली नाही. मला वाटलं, तिला पटलं."

मी गप्प बसायला हवं होतं, पण गप्प बसणं मला इंजिनरूमनं शिकवलं नाही. "पटलं नाही रे," मी म्हटलं. "घाबरली ती. ही पोर पुन्हा दिसायची नाही म्हणून घाबरली."

तो आमच्या ओटीवर बसला. बायकोनं आतून चहा आणला आणि त्याच्या हातात एक लाडू ठेवला. त्याचा हात थबकलेला तिनं पाहिला. "हा डब्यातला आहे," ती म्हणाली. "देवापुढचा नाय. तुला चालत नाय ते ठाऊक हाय मला." त्यानं तो लाडू खाल्ला. सबंध खाल्ला, सावकाश, खाली बघत. मला त्या क्षणी त्याची फार दया आली. बाटली सोडताना त्याला जेवढं बळ लागलं असेल तेवढंच आताही लागत होतं, आणि त्यासाठी मदतीला कुठलंच मंडळ नव्हतं.

चहा झाल्यावर तो मुलीला कडेवर घेऊन घरी गेला. गडग्यापलीकडे बोललेलं आमच्या ओटीवर स्वच्छ ऐकू येतं.

"आई, साडी बदल. सकाळची मिस्सा अजून मिळेल."

"नको रे. झालं आता."

"बदल म्हणतो ना. मी सोडतो तुला."

"तू येशील?"

"आत नाही येणार. मला जमायचं नाही ते. बाहेर थांबतो."

भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि कपाटाचं दार वाजलं. मग सिस्टर बाहेर आली. मोरपंखी साडी, डोक्यावर पदर, हातात जपमाळ. पोरानं गाडीचं दार उघडलं. नात आधीच मागच्या सीटवर चढून बसली होती. सिस्टर दारापाशी आली आणि तिथेच उभी राहिली.

"मी आज गेले," ती म्हणाली, "तरी मे महिन्यात हिला आणशील ना?"

त्यानं दाराची कड घट्ट धरली. "आई, असं विचारू नको गो मला."

तिनं पदर सारखा केला. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. दवाखान्यात पेशंटला नीट कळलं की नाही याची ती खात्री करून घ्यायची, तसा तिचा आवाज होता.

"पण आणशील ना?"

"आणीन," तो म्हणाला.

मगच ती गाडीत बसली.